जकात, कापूस आणि मजुरी

खुला व्यापार हा दिल्लीचा किंवा बंदरांचा विषय, असा समज आहे. मलकापूरकरांना तो परवडणारा नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. १८६५ साली युद्ध संपले, तसा तो उतरला. दूरच्या घडामोडींनी येथील चूल पेटते वा विझते, हे आपल्याला नवे नाही.

ताजे उदाहरण घेऊ. २०२१ पासून परदेशी कापसावर अधिभारासह ११ टक्के आयातकर होता. १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत सरकारने तो माफ केला. अमेरिकेने भारतीय मालावर जबर जकात बसविली होती. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. त्यामुळे गिरणी कामगाराच्या नोकरीला आधार मिळतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तोपर्यंत आपल्याकडे पेरणी होऊन गेली होती. शेतकऱ्याला पीक बदलण्याची सोय उरली नव्हती. लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला होता खरा. पण तो सरकारी केंद्रावर, खेडा-खरेदीच्या काट्यावर नव्हे.

भाव दबला की शेतकरी हात आखडतो. बियाणे, खत, औषध यांचे दर त्याच्या हाती नसतात; घासाघीस होते ती मजुरीवर. जिनिंगचे काम मुळात हंगामापुरते. मग तरुण मजूर गाडी धरून भुसावळमार्गे सुरत गाठतो. माणसे कमी झाली म्हणजे वेचणीचा दर किलोमागे चढतोही. पण मागे राहिलेल्या बाईच्या कामाचे दिवस त्याने वाढत नाहीत. दर वाढणे निराळे, वर्षाची मिळकत वाढणे निराळे.

तिसरा हिशेब जमिनीचा. २००२ साली बी.टी. बियाणे आले; पुढे गुलाबी बोंडअळी त्याला दाद देईनाशी झाली आणि फवारणी वाढली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर दगावले. गाठीच्या किमतीत हा खर्च कोणी धरीत नाही.

म्हणून दार उघडावे की लावावे, एवढाच प्रश्न नाही. आयातकराचा निर्णय पेरणीआधी जाहीर व्हावा, खरेदी केंद्रे वेळेवर उघडावीत, फवारणाऱ्याला संरक्षक साहित्य मिळावे. व्यापाराचा लाभ ज्यांना होतो, त्यांनी त्याच्या तोट्याचाही वाटा उचलावा, एवढेच आमचे मागणे आहे.