ध्वनींचा नीरक्षीरविवेक

दूध आणि पाणी एकत्र करून हंसापुढे ठेवले, तर तो दूध तेवढे पितो व पाणी मागे ठेवतो, असा कवींचा संकेत आहे. गाण्याच्या ध्वनिमुद्रणातही गायकाचा आवाज आणि निरनिराळ्या वाद्यांचे सूर असेच एकजीव झालेले असतात. त्यांतून केवळ आवाज वेगळा काढता येईल काय?

हे काम दिसते तितके सोपे नाही. ध्वनी म्हणजे हवेतील कंपने होत. अनेक ध्वनी एकाच वेळी उमटले, म्हणजे त्यांची बेरीज होऊन मायक्रोफोनला एकच लहर मिळते. पाच आणि तीन मिळून आठ होतात, हे कोणीही सांगेल. परंतु नुसता आठाचा आकडा दाखवून, तो कोणत्या दोन संख्यांची बेरीज आहे असे विचारले, तर काय उत्तर द्यावे?

यावर एक जुनी युक्ती आहे. स्टीरिओ ध्वनिमुद्रणात डाव्या व उजव्या कर्ण्यांसाठी दोन स्वतंत्र मुद्रणे असतात. गायक मधोमध उभा आहे असा भास व्हावा, म्हणून त्याचा आवाज बहुधा दोन्हींत सारखाच ठेवतात. एकातून दुसरे वजा केले, की दोहोंत समान असलेला हा आवाज लोप पावतो. मात्र मध्यभागी ठेवलेली वाद्येही त्याबरोबर जातात आणि आवाजाचा घुमारा मागे रेंगाळतो. शिवाय मुद्रण मुळात एकच असेल, तर वजा कशातून काय करावयाचे?

अशीच अडचण इंग्लंडमधील ‘द बीटल्स’ या विख्यात संगीतमंडळीपुढे उभी राहिली. त्या चौघांपैकी जॉन लेनन यांनी १९७७ च्या सुमारास न्यू यॉर्क येथील आपल्या घरी, पियानो वाजवीत, ‘नाऊ अँड देन’ हे गीत साध्या कॅसेटवर मुद्रित केले होते. १९८० मध्ये त्यांची हत्या झाली व गीत अपुरेच राहिले. १९९४ मध्ये त्यांच्या पत्नी योको ओनो यांनी ती कॅसेट उरलेल्या सहकाऱ्यांकडे सोपविली. १९९५ मध्ये तिघांनी ते गीत पुरे करण्याचा प्रयत्न केला; परंतु पियानोच्या स्वरांत लेनन यांचा आवाज बुडून जाई आणि फितीवर सतत घरघर ऐकू येई. अखेर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. २००१ मध्ये जॉर्ज हॅरिसन हेही निवर्तले.

पुढे संगणकाने नवी वाट दाखविली. गजबजलेल्या जत्रेतही लहान मूल आपल्या आईची हाक ओळखते, कारण तो आवाज त्याने पुनःपुन्हा ऐकलेला असतो. संगणकालाही असेच शिकविता येते. आवाज व वाद्ये वेगवेगळी मुद्रित केलेली पुष्कळ गीते त्याला पुरविली जातात. मिश्रणातील कोणता अंश गळ्याचा व कोणता वाद्याचा, याचा तो अंदाज बांधतो, खऱ्या उत्तराशी ताडून पाहतो आणि चूक सुधारतो. अशा असंख्य आवृत्त्यांनंतर, पूर्वी कधीही न ऐकलेल्या गीतातील आवाजही तो निवडू लागतो.

न्यूझीलंडचे चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या सहकाऱ्यांनी अशी पद्धती २०२१ च्या एका माहितीपटासाठी वापरली होती. तिच्याच साहाय्याने लेनन यांचा आवाज पियानोपासून स्वच्छ वेगळा झाला. हॅरिसन यांनी १९९५ मध्ये वाजविलेली गिटार जपून ठेवलेली होतीच. पॉल मॅकार्टनी व रिंगो स्टार यांनी उरलेले काम पुरे केले आणि २ नोव्हेंबर २०२३ रोजी ते गीत प्रसिद्ध झाले. दोघे हयात नसतानाही त्यात चौघेही ऐकू येतात.

हा आवाज यंत्राने बनविलेला आहे, असा काही लोकांचा समज झाला होता. तो खरा नव्हे. यंत्राने नवे काही निर्माण केले नाही. जे झाकले गेले होते, ते केवळ उघडे केले. जे नव्हते ते बनविणे आणि जे होते ते शोधून काढणे, यांतील भेद ओळखणे हाही एक नीरक्षीरविवेकच होय. आणि तो मात्र माणसालाच करावा लागतो.