कुकरी: पाणी उतरू न देता

२००३ साली काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना शस्त्रसाठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी विकत घेतला. हजारो बंदुकांबरोबर कुकऱ्याही बाहेर पडल्या आणि देशोदेशींच्या संग्राहकांकडे गेल्या. वंगण आणि धूळ यांचा घट्ट थर बसलेला, मुठी वाळून तडकलेल्या, धारेला दाते पडलेले. अशी कुकरी हाती आली की पहिला मोह होतो तो घासून लखलखीत करण्याचा. या मोहात किती पाती कायमची बिघडली असतील, या विचारानं जीव हळहळतो.

पहिलं काम साधं असतं. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी, बांबूची कामटी आणि वेळ. थर सुटू लागला की पात्यावर ठोकलेली अक्षरं वर येतात, आणि ती देवनागरीत असल्यानं मराठी वाचकाला सरळ वाचता येतात: पलटणीची खूण, क्रमांक, कुठे ‘श्री ३ चंद्र’. नेपाळच्या राजाला श्री ५ म्हणत, राणा घराण्यातल्या पंतप्रधान महाराजांना श्री ३. चंद्र शमशेर १९०१ ते १९२९ सत्तेवर होते, म्हणजे ही खूण पात्याचा जन्मदाखलाच. अक्षरं फार खोल नसतात. घासायच्या यंत्रावर पातं धरलं की काही क्षणांत ती पुसट होतात.

यंत्राचा दुसरा धोका डोळ्यांना चटकन दिसत नाही. कुकरी घडवणारे कामी लोहार पातं लालबुंद तापवतात आणि किटलीतून पाण्याची धार फक्त पात्याच्या धारेवर सोडतात. धार कडक होते, पाठ मात्र चिवट राहते. म्हणून घाव बसला तरी पातं मोडत नाही. हा कडकपणा म्हणजेच पात्याचं पाणी, आणि ते त्या चिंचोळ्या पट्ट्यातच असतं. फिरत्या चाकावर पातळ धार बघता बघता तापते. पोलाद सुमारे २२० अंशांना पिवळसर दिसू लागतं, ३०० च्या आसपास निळं पडतं, आणि निळं पडलं की तिथलं पाणी उतरलं. पुन्हा द्यायचं तर सगळं पातं भट्टीत घालावं लागेल, आणि जुनं पातं त्यात वाकण्याची वा तडकण्याची भीती असते. म्हणून दगड, पाणी आणि हात. गती कमी असते, पण पातं गार राहतं.

धारेचे दाते काढावेत का? माझं मत स्पष्ट आहे: मोठे दाते तसेच राहू द्यावेत. तीन मिलिमीटरचा दाता घालवायचा तर सगळी धार तीन मिलिमीटर मागे न्यावी लागते. कडक पट्टा तेवढा अरुंद होतो, पात्याचा घाटही बदलतो. धार नुसती वळली असेल तर कापायची गरजच नाही. म्यानात कुकरीबरोबर दोन छोटी हत्यारं असतात, करद ही सुरी आणि चकमक. यातली बोथट चकमक धारेवर दाबून फिरवली की वळलेलं पोलाद सरळ होतं. दुरुस्तीचं साधन कारागिरानं शस्त्रासोबतच दिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मुठीचं काम त्याहून नाजूक. पात्याची शेपटी मुठीच्या भोकात लाहा नावाच्या राळेच्या मिश्रणानं बसवलेली असते. आपल्याकडच्या तलवारींच्या मुठीही लाखेच्या मिश्रणानं बसवत. मूठ डुगडुगत असेल तर काही जण शेपटी ज्योतीवर धरतात. त्याऐवजी मूठ उकळत्या पाण्यात धरावी. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, राळ मात्र तेवढ्यात मऊ पडते आणि मूठ सुटते. पात्याचं पाणी अबाधित राहतं. लाकूड शिसवी असेल तर आधी सावलीत पूर्ण वाळू द्यावं, मग जवसाचं तेल थोडं थोडं जिरवावं. म्हशीच्या शिंगाच्या मुठीला मात्र उकळतं पाणी लावू नये. शिंग उष्णतेनं मऊ होऊन आकार सोडतं. तिथे कोमट पाण्यानं सुटली तर ठीक, नाहीतर सैल फटीतच नवी राळ भरावी.

गंजात भेद करायला हवा. तांबडा, भुसभुशीत गंज पोलाद खात राहतो, तो तेल आणि बारीक लोखंडी लोकरीनं काढावा. काळा, घट्ट चिकटलेला थर पात्याचं रक्षण करतो. त्याला हात लावू नये. आम्लात बुडवलं तर दोन्ही जातात आणि पात्याचा पृष्ठभाग राखाडी, खरबरीत होतो.

शेवटी पातं तेल लावून म्यानाबाहेर ठेवावं. म्यानाचं चामडं दमट हवेतला ओलावा धरून ठेवतं, आणि कोकणासारख्या हवेत एका पावसाळ्यात तांबडा गंज पुन्हा धरतो.