फायटर मुलीचा धंदा: दोन लढतींमधले नऊ महिने कोण चालवणार?

वाघोलीच्या बॅचमध्ये बहुतेकांचे धंदे ओळखीचे असतात. क्लाउड किचन, शिवणकाम, सोसायट्यांची प्लंबिंगची कामं. यावेळी मात्र खराडीत नोकरी करणाऱ्या एका मुलीने विचारलं, "सर, मला एमएमए फायटर व्हायचंय. घरचे म्हणतात यात पैसा नाही. खरं काय ते सांगा." व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून इथे सविस्तर सांगतो.

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. ठोसे, लाथा, कुस्तीची पकड, सगळं एकाच पिंजऱ्यात. आपल्या भाषेत सांगायचं तर फायटर ही एकटीने चालवलेली प्रोप्रायटरशिप आहे. महिन्याचा पगार नाही, पीएफ नाही. लढत झाली तर बिल निघतं.

पूजा तोमरचं उदाहरण घ्या. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या बुढान्याची मुलगी. आधी वुशूत राष्ट्रीय विजेती, मग एमएमए. आशियातल्या वन चॅम्पियनशिपमध्ये पराभव पचवले, भारतात परत येऊन मॅट्रिक्स फाइट नाइटचा किताब घेतला आणि 2023 मध्ये जगातल्या सगळ्यात मोठ्या यूएफसीचा करार मिळवला. 8 जून 2024 ला अमेरिकेतल्या लुईव्हिलमध्ये तिने ब्राझीलच्या रायान दोस सांतोसला हरवलं. यूएफसीत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. आपल्याकडे पेपरात फोटो आले, सगळीकडे कौतुक झालं.

आता कॅलेंडर बघा. तिची पुढची लढत झाली 22 मार्च 2025 ला, लंडनमध्ये. मध्ये साडेनऊ महिने! आणि तिथे आयर्लंडच्या शॉना बॅननने दुसऱ्या राउंडमध्ये हाताला पकड लावून तिला हरवलं.

हे साडेनऊ महिने म्हणजे खरा धंदा. यूएफसीत नवख्या फायटरला साधारण 12 हजार डॉलर लढण्याचे आणि जिंकली तर तेवढेच वर, असे आकडे बातम्यांत येत आलेत. पूजाचा करार किती रुपयांचा, हा तिचा प्रश्न. आपण नुसता हिशेब करू. 83 रुपयांच्या दराने 12 हजार डॉलर म्हणजे जवळजवळ दहा लाख. जिंकली तर वीस. ऐकायला भारी वाटतं ना? त्यातून परदेशातला कर, मॅनेजरची टक्केवारी, कोचचे पैसे, कॅम्पचा खर्च वजा करा. उरलेल्या रकमेला साडेनऊने भागा. हरली तर सुरुवातच दहापासून. माल उधारीवर देऊन वर्षात एकदा-दोनदा वसुली करणारा दुकानदार आणि ही मुलगी, दोघांचं दुखणं एकच.

आणि ही गोष्ट शिखरावरची आहे. खालची पायरी त्याहून डळमळीत. 2012 मध्ये मुंबईत राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी सुपर फाइट लीग सुरू केली. मोठा गाजावाजा, परदेशी पैलवान, टीव्ही. आपल्या मुंबईची मनजित कोळेकर तिथे लढली, जिंकत गेली आणि पुढे अमेरिकेत फक्त महिलांच्या लढती भरवणाऱ्या इन्विक्टापर्यंत पोचली. पण लीग काही वर्षांनी बंद पडली. एकाच गिऱ्हाइकाला माल देणाऱ्या वर्कशॉपचं जे होतं, तेच इथल्या फायटरांचं झालं. मॅट्रिक्स फाइट नाइट आली ती थेट 2019 मध्ये.

रितू फोगटचा रस्ता मला जास्त शहाणपणाचा वाटतो. तिने हातातलं कौशल्य नव्या बाजारात नेलं. कुस्तीत 2016 ची राष्ट्रकुल विजेती, प्रो रेसलिंग लीगमध्ये 36 लाखांची बोली. मग सिंगापूरला जाऊन एमएमए शिकली, 2019 मध्ये पहिलीच लढत पहिल्या राउंडमध्ये जिंकली. पाडायचं कसं हे तिला लहानपणापासून येत होतं. पण डिसेंबर 2021 च्या मोठ्या फायनलमध्ये थायलंडच्या स्टॅम्पने तिला जमिनीवरच हाताच्या पकडीत धरलं. कुस्तीत चीतपट केलं की खेळ संपतो, इथे तिथून पुढे सुरू होतो. आपल्या तालमीतल्या मुलींनी हे नीट बघावं.

मग करायचं काय? लढतीचं उत्पन्न हे बोनस धरा आणि महिन्याचा पैसा दुसरीकडून उभा करा. वाघोली-खराडी पट्ट्यात संध्याकाळी महिलांसाठी सेल्फ डिफेन्सची बॅच चालू शकते. समजा 30 जणी, प्रत्येकी 1500 रुपये, म्हणजे 45 हजार. स्वतःचा हॉल घेऊ नका. सोसायटीचं क्लब हाउस किंवा जिममधला रिकामा तास टक्केवारीवर मागा. 15 हजार त्यात गेले तरी 30 हजार हातात राहतात, आणि स्वतःच्या सरावाला सकाळ मोकळी.

करारावर सही करण्याआधी तीन ओळी शोधा: दुसरीकडे लढायला बंदी किती काळ, वर्षाला किमान किती लढती देणार आणि इजा झाली तर दवाखान्याचं बिल कोणाचं. साध्या आरोग्य पॉलिसीत व्यावसायिक लढतीतली इजा बऱ्याचदा वगळलेली असते, एजंटकडून लेखी घ्या. घरच्यांशी बोलायला बसाल तेव्हा विजयाचे व्हिडिओ दाखवू नका. बारा महिन्यांचा कागद करा, लढत नसलेल्या प्रत्येक महिन्यासमोर पैसा कुठून येणार ते लिहा आणि तो त्यांच्या हातात द्या.