बाटलीवरचा लाल त्रिकोण

शुक्रवारी ऑफिसातून सुटलं की मॉलमध्ये घुसायचं, चेरी टोमॅटो, लेट्यूस, सीडलेस द्राक्षं ट्रॉलीत टाकायची आणि बिलाच्या रांगेत उभं राहून स्वतःच्या हेल्दी लाइफस्टाइलवर खूष व्हायचं. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा हा वीकएंडचा फंडा! पाकिटावर फॅट किती, कॅलरीज किती, सगळं आपण बारकाईनं वाचतो. पण या भाजीचं खरं लेबल आपल्यापर्यंत येतच नाही. ते चिकटलेलं असतं शेताच्या बांधावर पडलेल्या कीटकनाशकाच्या बाटलीला.

त्या लेबलवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर औषध अतिविषारी. मग उतरत्या क्रमानं पिवळा, निळा आणि हिरवा. (हो, खेड्यात याला ‘औषध’च म्हणतात. विष म्हणणं जरा जड जातं.)

एका अपघातातून आलेला कायदा

१९५८ मध्ये केरळात शंभराहून जास्त माणसं दगावली. वाहतुकीत धान्याच्या मालावर पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडलं होतं आणि तेच पीठ लोकांच्या पोटात गेलं. त्यानंतर चौकशी झाली आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशक कायदा आला. या कायद्याखाली नोंदणी झाल्याशिवाय देशात एकही कीटकनाशक विकता येत नाही. नोंदणीचं काम पाहते फरिदाबादची समिती. कंपनीनं विषारीपणाच्या चाचण्या, परिणामकारकता, पॅकिंग यांची माहिती तिच्यापुढे ठेवायची. मंजुरी मिळते तीसुद्धा सरसकट नाही. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रेत आणि फवारल्यावर किती दिवसांनी तोडणी करायची, हे सगळं ठरवून दिलेलं असतं.

कागदावर हे झकास आहे. प्रत्यक्षात शेतकरी कृषी केंद्रात जातो आणि विचारतो, ‘भाऊ, अळी आलीय, काय मारू?’ काउंटरमागचा माणूस त्याला दोन-तीन बाटल्या काढून देतो. त्या एकाच पंपात मिसळायच्या की नाहीत, हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. भर दुपारी ते कोण वाचणार?

यवतमाळ, २०१७

त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली आणि किमान वीस शेतकरी-शेतमजूर मरण पावले. दमट हवा, उंच वाढलेला कापूस, त्यामुळे फवारा थेट तोंडावर. त्यात वेगवेगळ्या कीटकनाशकांची मिश्रणं. ग्लोव्ह्ज, मास्क, गॉगल वापरा असं लेबलवर लिहिलेलं असतंच, पण विदर्भातल्या उकाड्यात ते सगळं अंगावर चढवून तासन् तास पाठीवर पंप वागवून बघा! एसीत बसून ‘शेतकऱ्यांनी काळजी घ्यायला हवी होती’ म्हणणं सोपं आहे. ज्या देशात सुरक्षेचा पोशाख हवामानालाच झेपत नाही, तिथं तो वापरला जाईल असं धरून विषारी औषधाला परवानगी देणं, हा मला नियमनातलाच दोष वाटतो.

तिथं चर्चेत आलेल्या औषधांपैकी एक होतं मोनोक्रोटोफॉस. याचं नाव आधीही गाजलं होतं. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या माध्यान्ह भोजनातून ते पोटात गेल्यानं २३ मुलं दगावली. भाज्यांवर त्याच्या वापराला २००५ पासूनच बंदी होती. पण कापसासाठी विकलेली बाटली वांग्यावर रिकामी होणार नाही, याची खात्री कोण देणार? अखेर २०२३ च्या आदेशानं त्याचं सर्रास विकलं जाणारं ३६ टक्क्यांचं द्रावण बंद करण्याचा निर्णय झाला.

द्राक्षं एक, परीक्षा दोन

आता आपल्या ताटाकडे वळू. युरोपात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग! म्हणून नाशिक-सांगलीची एक्स्पोर्टची द्राक्षं लॅबमधून पास झाल्याशिवाय कंटेनरमध्ये चढत नाहीत. बागेची नोंदणी, नमुना, तपासणी अशी सगळी साखळी आहे आणि पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यावर नजर ठेवतं. तरीही २०१० मध्ये गोची झालीच. वेलीची वाढ रोखणारं क्लोरमेक्वाट तपासणीच्या यादीतच नव्हतं. युरोपात ते सापडलं, माल अडकला आणि बागायतदारांचं कंबरडं मोडलं. मग ते यादीत आलं.

पण तुमच्या कोपऱ्यावरच्या गाडीवर येणारी द्राक्षं? त्यांच्यामागे अशी साखळी नाही. इथं अधूनमधून नमुने घेतले जातात, एवढंच. शिवाय फवारायची परवानगी कृषी खातं देणार आणि अन्नात किती अंश चालेल ते ठरवणार आरोग्य खात्याकडची यंत्रणा. २००३ मध्ये कोल्ड्रिंकमधल्या कीटकनाशकांवरून गदारोळ झाला, तेव्हा शरद पवारांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीनंही या फटीवर बोट ठेवलं होतं. नोंदणी झालेल्या कित्येक औषधांना तेव्हा अन्नातली मर्यादाच ठरलेली नव्हती.

धुतल्यानं काय होतं? वरवर बसलेलं औषध वाहत्या पाण्यात बऱ्यापैकी निघतं. आंतरप्रवाही औषधं मात्र झाडाच्या रसात भिनतात, ती नळाखाली धरून जात नाहीत.

‘बायो’ म्हणजे बिनधास्त?

मग जैविक घ्या की, असं वाटेल. ट्रायकोडर्मा ही बुरशी, बीटी हा जिवाणू, अळ्यांना मारणारे विषाणू. पर्याय चांगलेच आहेत. पण कायद्याच्या दृष्टीनं हीसुद्धा कीटकनाशकंच. त्यांचीही नोंदणी फरिदाबादलाच. ट्रायकोडर्माच्या एका ग्रॅममध्ये बुरशीचे किमान वीस लाख जिवंत घटक असावे लागतात आणि पत्र्याच्या गोदामात मे महिना काढला की त्यातले किती उरतात, हा प्रश्नच असतो. त्याहून वाईट म्हणजे बाटलीवर ‘बायो’ लिहून आत रसायन घालायचा धंदा. अळी झटपट मरते, शेतकरी खूष. आणि रेसिड्यू फ्री म्हणून पिकवलेला माल लॅबमध्ये नापास! ‘टॉनिक’च्या नावाखाली खपणारे बायोस्टिम्युलंट तर २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाखाली येईपर्यंत जवळपास मोकाटच होते.

बाल्कनीतल्या कुंड्यांसाठी तुम्ही स्वतः असं पाकीट आणणार असाल, तर नोंदणी क्रमांक आणि उत्पादनाची तारीख तेवढी बघून घ्या. दुकानदारानं ते उन्हात मांडून ठेवलं असेल, तर दुसरं दुकान गाठा.