निकालामागचे मूल

कोकण विभागीय मंडळाचा पहिला निकाल २०१२ मध्ये लागला. तेव्हापासून दहावीत हा विभाग राज्यात अग्रस्थानी राहत आला आहे. सिंधुदुर्गाला त्याचा अभिमान वाटतो, तो रास्तच. पण त्या टक्केवारीत मुलाच्या मनाची नोंद कोठेच नसते. बाप चाकरमानी, घरी आई नि आजी. मनीऑर्डरीऐवजी पैसे आता खात्यात जमा होतात, पण त्यांच्याबरोबर येणारा अपेक्षांचा भार तोच. मालवणाकडे मूल जेवेनासे, बोलेनासे झाले की घरची माणसे देवळात गाऱ्हाणे घालतात. यात हसण्यासारखे काही नाही. निदान त्याचे दुःख कोणीतरी मोठ्याने उच्चारते! मात्र तेवढ्यावरच थांबणे घातक. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एक तृतीयांश मानसिक विकार चौदाव्या वर्षाच्या आत, तर निम्मे अठराव्या वर्षापूर्वी सुरू होतात. म्हणजे शाळेच्याच बाकावर. बिघडलेले अक्षर, वाढती गैरहजेरी, मधल्या सुटीतील एकटेपण हे शिक्षकाला सर्वांआधी दिसते. त्याला 'आळस' म्हणण्याची सवय सुटली पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर अहोरात्र, मराठीतूनही, समुपदेशन मिळते. गुणवंतांच्या यादीशेजारी तो क्रमांक फळ्यावर लिहिण्यासाठी कोणत्याही शाळेला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.