मंजूर प्रयोगातील लहानसा बदल

औषधे व लशी माणसांपर्यंत पोहोचण्यापूर्वी त्यांचा परिणाम पुष्कळदा उंदीर, ससा, गिनिपिग यांसारख्या प्राण्यांवर पारखला जातो. या प्राण्यांना विनाकारण यातना होऊ नयेत, यासाठी आपल्या देशात १९६० च्या अधिनियमान्वये केंद्रीय समितीची तरतूद करण्यात आली. प्रयोग करणाऱ्या संस्थेतही प्राणी नीती समिती असते. तीत वैज्ञानिकांबरोबर पशुवैद्यक आणि वैज्ञानिक नसलेला, परंतु समाजाची जाण असलेला एक सदस्य असतो.

प्राणी कोणता, संख्या किती, भूल कोणती, शेवट कसा, हे सारे आराखड्यात नमूद करून मंजुरी घ्यावी लागते. परंतु काम सुरू झाल्यावर एखादा बदल आवश्यक ठरतो. प्रत्येक बदल पूर्ण बैठकीपुढे ठेवावयाचा म्हटल्यास, अधिक चांगले वेदनाशामक हाती असूनही प्राण्याला बैठकीची वाट पाहावी लागेल. उलट, सारेच बदल संशोधकाच्या मर्जीवर सोडल्यास मंजुरीला अर्थच उरणार नाही.

या प्रश्नावर अमेरिकेने योजलेला मार्ग उद्बोधक आहे. शासकीय अनुदानावरील संशोधनासाठी तेथे २०१४ साली मार्गदर्शन प्रसिद्ध करण्यात आले. त्यानुसार शुद्धलेखनाची दुरुस्ती किंवा संपर्काच्या तपशिलातील बदल कार्यालयीन पातळीवर होतो. साहाय्यक बदलल्यास नव्या व्यक्तीचे प्रशिक्षण झाले आहे, याची खातरजमा केली जाते. भूल, वेदनाशमन किंवा रक्त घेण्याची वारंवारता यांतील काही बदल, समितीने आधीच संमत केलेल्या धोरणात बसत असतील तर, पशुवैद्यकाच्या पडताळणीनंतर करता येतात. मात्र प्राण्याची जात, प्रयोगाचा उद्देश किंवा प्रमुख संशोधक बदलणे आणि प्राण्याची वेदना वाढविणे, यांसाठी समितीचे रीतसर परीक्षण अनिवार्य आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. बदल लहान की मोठा, हे कागदावरील ओळींवरून ठरत नाही. आठवड्यातून एकदा घ्यावयाचे रक्त दोनदा घेणे, हा लेखी केवळ एका शब्दाचा फरक. सशाच्या दृष्टीने मात्र ती दुप्पट सुई होय. म्हणून बदल आधी आणि मंजुरी मागाहून, हा क्रम कदापि योग्य नव्हे.

समितीवरील वैज्ञानिक नसलेल्या सदस्याचे महत्त्व येथेच आहे. परिभाषा अवगत नसली, तरी ‘या बदलाने प्राण्याच्या वाट्याला काय येणार?’ हा प्रश्न त्याला निःसंकोच विचारता येतो. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावरच संमतीची सही व्हावी.