स्मरण आणि रंजन : ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चे दुसरे पर्व

‘स्मरणरंजन’ या संज्ञेचा व्यवहारातील कल स्मरणापेक्षा रंजनाकडे अधिक असतो. गतकाळातील वस्तू, वेष व गाणी यांचा पट उभारला की त्या काळाची ओढ आपोआप जागी होते, असे अशा कलाकृतींत बहुधा गृहीत धरलेले असते. मॅट व रॉस डफर या बंधूंची ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही अतिमानुष अमेरिकन मालिका सामान्यतः याच वर्गात गणली जाते. तिचे दुसरे पर्व मात्र या गृहीतकाचीच परीक्षा घेते.

नऊ भागांचे हे पर्व नेटफ्लिक्सवर २७ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रदर्शित झाले. कथानकाचा आरंभ १९८४च्या ऑक्टोबरअखेरीस होतो आणि ते मुख्यतः इंडियाना राज्यातील हॉकिन्स या कल्पित गावी घडते. गावाचेच काळोखे प्रतिरूप असलेल्या जगात वर्षभरापूर्वी ओढला गेलेला विल बायर्स हा मुलगा आता घरी परतला आहे. कालदर्शक सामग्री विपुल आहे : व्हिडिओ गेमची दुकाने, रेगन यांचे प्रचारफलक, त्याच वर्षीच्या ‘घोस्टबस्टर्स’ चित्रपटातील वेष. परंतु हे वेष घालून चौघे मित्र शाळेत जातात, तेव्हा दुसऱ्या कोणीही वेषांतर केलेले नसते. साज आणि भोवताल यांतील ही विसंगती वरवर विनोदी असली, तरी पर्वाचे आशयसूत्र तिच्यात सूचित झाले आहे.

विलच्या ठिकाणी स्मृती ही पीडा आहे. त्याच्या भयदर्शनांचे कारण डॉ. ओवेन्स वर्षदिनाच्या परिणामात शोधतात : आघाताचा दिवस जवळ आला की जुने भय उफाळून येते. निदान तर्कशुद्ध आहे, पण अपुरे; विलला दिसणारे संकट प्रत्यक्षच आहे. त्याच्या आईचा मित्र बॉब वेगळा उपाय सुचवतो. लहानपणी स्वप्नात छळणाऱ्या विदूषकासमोर तो ठाम उभा राहिला आणि विदूषक नाहीसा झाला, ही आठवण तो मायेने सांगतो. विल तसेच करतो आणि छायारूपी राक्षस त्याच्या देहात शिरतो. बॉबची भूमिका शॉन ॲस्टिन यांनी केली आहे; १९८५च्या ‘द गूनीज’ या साहसपटातील बालनायकही तेच. जुन्या साहसपटांचे आश्वासक बालपणच जणू येथे सल्ला देते आणि तो सल्ला घातक ठरतो. यानंतर विलच्या मनात परक्या आठवणी साठू लागतात. त्या जुन्या नसून आत्ता घडत आहेत, असे तो सांगतो. स्मृतीचे स्वत्वच येथे हिरावले जाते.

आठव्या भागात ही प्रक्रिया उलटते. राक्षसाला ठिकाण ओळखता येऊ नये म्हणून अडगळीच्या खोलीच्या भिंती झाकून विलला तेथे बांधले जाते. आई, भाऊ जोनाथन आणि मित्र माइक त्याला आठवणी सांगतात : वाढदिवसाला मिळालेल्या रंगखडूंनी काढलेले चित्र, वडील घर सोडून गेले त्या रात्री भावांनी बांधलेली खोपी, झोपाळ्यावरच्या एकट्या मुलाने मैत्रीला दिलेला होकार. विलला बोलता येत नाही. तरी बोटांच्या टिचक्यांनी, मोर्स लिपीत, तो द्वार बंद करण्याचा संदेश देतो.

या आठवणी कोणत्याही दशकातील असू शकतात. १९८४चा शिक्का त्यांच्यावर नाही. बॉबची आठवणही प्रेमानेच सांगितलेली होती, परंतु ती त्याची एकट्याची होती. येथील प्रत्येक आठवणीत सांगणारा आणि ऐकणारा दोघेही उपस्थित आहेत. स्मृती तारक ठरते ती या सामायिकतेमुळे, हा या पर्वाचा खरा निष्कर्ष होय.

शेवटी डिसेंबरातील शाळेचा नृत्यसमारंभ येतो. पर्वातील सर्वांत गोड स्मरणरंजन येथेच आहे. पण दृश्य उलटे फिरते आणि शाळेवर तीच छाया उभी दिसते. ज्याने १९८४ पाहिलेच नाही, त्या प्रेक्षकाची या काळाविषयीची ओढही उसनी असते, याचे भान हा शेवट देतो. गतकाळ रंगवणाऱ्या साहित्यकृतीकडे पाहतानाही तपशिलांच्या अचूकतेपाशी न थांबता कोणाची आठवण कोणाला सांगितली जात आहे, हे तपासणे अगत्याचे ठरते.